गुलमर्ग, मुक्काम अकलोली

चिरंजीव पहिले आले तर गुलमर्गला बर्फावर घसरायला नेईन, असा शब्द मी देऊन बसलो. कार्टं आलं की हो पहिलं! १९२७ साली इंग्रजांनी तिथे स्की क्लब काढला, तेव्हापासून लोक तिथे पैसे मोजून पडतात. स्की की स्नोबोर्ड, यावर घरात आठवडाभर खल झाला. मग मी खर्चाची बेरीज केली नि आम्ही निघालो भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला. बर्फाऐवजी तानसेकाठची गरम पाण्याची कुंडं!

वाटेत वज्रेश्वरी. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा चिमाजीअप्पांचा नवस होता म्हणतात. १७३९ साली वसई मिळाली. पुढे किल्ल्यासारखं देऊळ झालं. ही कथा मीच मोठ्या तोऱ्यात सांगितली.

कुंडात घातलेला पाय चटकन बाहेर काढत चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा नवस कधी फेडताय?"