एका मोटारीची अनेक नावे

इ. स. १९५८ च्या डिसेंबरात विलायतेच्या बाजारात वूल्झली १५/६० या नावाची मध्यम आकाराची एक मोटार आली. पाठोपाठ जानेवारीत ऑस्टिन केंब्रिज, त्यानंतर एम. जी. मॅग्नेट व मॉरिस ऑक्सफर्ड आणि एप्रिलात रायली ४/६८ अशा आणखी चार मोटारी प्रकट झाल्या. नावे पाच, किमती पाच, जाहिराती पाच. मोटार मात्र एकच. सर्वांचा सांगाडा तूरिनच्या पिनिन फरिना यांनी रेखाटलेला, आणि सर्वांच्या पोटात १४८९ घनसेंटिमीटरचे तेच ते इंजिन.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर १९५२ सालच्या एका सोयरिकीत सापडते. बर्मिंगहॅमजवळचा ऑस्टिनचा कारखाना आणि ऑक्सफर्डजवळचा मॉरिसचा कारखाना हे एकमेकांचे हाडवैरी. ते त्या वर्षी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही संस्था निर्माण झाली. मॉरिसच्या घरात वूल्झली, रायली व एम. जी. ही नावे आधीच नांदत होती. मालक एक झाले. पण गावोगावचे विक्रेते काही एक झाले नाहीत. एकाच पेठेत ऑस्टिनचे दुकान निराळे आणि मॉरिसचे निराळे. ज्याच्या वडिलांनी ऑस्टिन चालविली, त्याने मॉरिसच्या दुकानाची पायरी चढू नये, अशी गिऱ्हाइकांची निष्ठा. तेव्हा प्रत्येक दुकानदारास त्याच्या पाटीवरचे नाव असलेली मोटार पुरविणे भाग पडले.

मग भेद केले ते दर्शनी. प्रत्येकीची पुढची जाळी वेगळी घडविली. वूल्झलीच्या जाळीवर दिवे लावताच उजळणारे तिचे परंपरागत नाममुद्रेचे पदक बसविले. आत लाकडी फळी आणि कातडी बैठका दिल्या. रायली व मॅग्नेट यांना एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर मिळाले. याला निव्वळ फसवणूक म्हणता येणार नाही. लाकूड खरे होते, कातडे खरे होते, आणि ज्यास ते हवे त्याने त्याचे दाम मोजले. परंतु एम. जी. हे नाव शर्यतीच्या चपळ गाड्यांनी मिळविलेले होते, आणि त्याच नावाखाली हे शांत, कुटुंबवत्सल वाहन पाहून त्या पंथाचे उपासक खट्टू झाले, तर त्यांना दोष कोण देईल? उसने घेतलेले नाव प्रत्येक वेळी थोडे झिजते. पाच नावांसाठी पाच प्रकारचे सुटे भाग, पाच माहितीपुस्तके आणि पाच जाहिराती यांचा बोजा निराळाच. १९६९ साली रायली हे नाव मिटले, १९७५ साली वूल्झली.

समुद्रापलीकडे हीच मोटार गेली तेव्हा कारणे पालटली. अर्जेंटिनात कणीक मळण्याच्या यंत्रांपासून उद्योगास प्रारंभ केलेल्या सियाम दि तेला या कंपनीने १९६० पासून रायलीवर आधारलेली मोटार आपल्याच नावाने काढली, आणि ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून धावू लागली. ऑस्ट्रेलियात स्थानिक होल्डनच्या सहा सिलिंडरांपुढे चार सिलिंडर फिके पडत. म्हणून १९६२ साली त्याच इंजिनास आणखी दोन सिलिंडर जोडून ऑस्टिन फ्रीवे व वूल्झली २४/८० या जुळ्या बहिणी तेथे अवतरल्या. येथे प्रश्न दुकानदाराच्या पाटीचा नव्हता, देशाच्या गरजेचा व अभिमानाचा होता.

हिंदुस्थानात तर अधिकच नवलाची गोष्ट घडली. बंगालमधील उत्तरपाडा येथे बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसच्या गाड्या क्रमाक्रमाने स्वदेशी नावांनी काढल्या. मॉरिस टेन ती हिंदुस्थान टेन, मॉरिस मायनर ती बेबी हिंदुस्थान, दुसऱ्या मालिकेची ऑक्सफर्ड ती लँडमास्टर, आणि तिसऱ्या मालिकेची ती अँबॅसेडर. १९५९ साली विलायतेत ऑक्सफर्ड हे नाव नव्या फरिना देहास दिले गेले आणि १९७१ पर्यंत तेथेच राहिले. जुना देह मात्र येथे अँबॅसेडर या नव्या नावाने २०१४ पर्यंत जगला. नाव तिकडे राहिले व गाडी इकडे आली. खरी ऑक्सफर्ड कोणती, याचा निवाडा नैयायिकांनीच करावा.

मुंबईतील प्रकार याच्या उलट आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ पासून ती 'डिलाइट' झाली. पुढे फियाटशी असलेला करार संपला. साचे होते, कारागीर होते, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले होते. फक्त नाव वापरण्याचा हक्क उरला नाही. तेव्हा तीच गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीची आठवण करून देणारे हे नाव कारखान्याने हौसेने ठेवले, कागदोपत्री चढविले, गाडीच्या पाठीवर धातूच्या अक्षरांत जडविले. मुंबईकर मात्र काळ्यापिवळ्या टॅक्सीस हात करताना तिला फियाटच म्हणत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हाही पुष्कळांच्या तोंडी तिचे नाव तेच होते.