आधी गोळी, मग रायफल

हजार यार्डांवरच्या नेमबाजीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती कंपनी, दुर्बीण आणि दस्ता यांच्यावर. काडतूस त्यानंतर येतं आणि काडतुसातली गोळी सर्वांत शेवटी. आज या खेळात बोलबाला असलेल्या ‘६.५ क्रीडमूर’ या काडतुसाची कुळकथा मात्र नेमका उलटा क्रम सांगते. लांब पल्ल्याचा नेम जेव्हा जेव्हा खऱ्या अर्थाने सुधारला, तेव्हा आधी गोळी सडपातळ झाली. नळी, दारू आणि बंदूक यांनी तिच्याशी नंतर जुळवून घेतलं.

या कुळाचा मूळपुरुष मँचेस्टरचा इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ. स्क्रूच्या आट्यांना प्रमाण मापं देणारा तोच हा माणूस. ब्रिटिश सैन्याच्या हाती तेव्हा एनफिल्ड होती, १८५७च्या चरबीच्या काडतुसांमुळे आपल्याला चांगलीच ठाऊक असलेली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि आतले आटे ७८ इंचांत एक फेरा घेत. व्हिटवर्थने गोळीचं वजन तेच, म्हणजे ५३० ग्रेन ठेवलं, पण व्यास ०.४५१ इंचांवर आणला. वजन तेवढंच आणि जाडी कमी, म्हणजे लांबी आपोआप वाढली. अशी गोळी हवेला छातीवर कमी घेते, म्हणून वेग टिकवते आणि वाऱ्याने कमी ढकलली जाते. पण लांब गोळी सावकाश फिरली तर वाटेत कोलमडते, म्हणून त्याने पीळ २० इंचांत एक फेरा इतका तीव्र केला. १८५७ साली इंग्लंडमधल्या हाइथ इथे दोन्ही रायफलींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्यांचं सरासरी विचलन २.२४ फूट भरलं, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचं ०.३७ फूट. व्हिटवर्थची नळी षटकोनी होती आणि लोकांचं लक्ष त्या षटकोनाकडेच गेलं. सैन्याने ती महाग पडते, काजळीने लवकर चोंदते म्हणून नाकारली. पुढे षटकोन नाहीसा झाला. रिग्बी, मेटफर्ड यांच्यासारख्या रायफल रचणाऱ्यांनी साध्या गोल नळीत आटे पाडले, पण ०.४५ इंचाच्या आसपासचा व्यास आणि लांब गोळी सोडली नाही. टाकून दिलं ते काय आणि ठेवलं ते काय, एवढं पाहिलं तरी खरा शोध कोणता होता ते कळतं.

पुढचा पुरावा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. क्रीड नावाच्या कुटुंबाच्या जुन्या शेतजमिनीवर १८७३ साली क्रीडमूर हे नेमबाजीचं मैदान सुरू झालं. २६ सप्टेंबर १८७४ रोजी तिथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला, प्रत्येकी सहा नेमबाज आणि ८००, ९०० व १००० यार्ड अशी अंतरं. आयरिशांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या मागून काडतूस भरायच्या. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली आणि ठासणीची बंदूक हरली असा निकाल पुष्कळांनी काढून टाकला. आकडे उलगडून पाहावेत. ८०० यार्डांवर अमेरिकेला ३२६, आयर्लंडला ३१७. पण ९०० वर ३१० विरुद्ध ३१२ आणि १००० वर २९८ विरुद्ध ३०२, म्हणजे अंतर वाढलं तशी ठासणीची बंदूक पुढे होती! शिवाय ९०० यार्डांवर मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने शेजारच्या लक्ष्याचा मध्य अचूक टिपला. त्याचे चार गुण गेले, आणि पराभव तीन गुणांचा. बंदुकी इतक्या वेगळ्या असून निकाल इतका अटीतटीचा झाला, कारण दोन्ही बाजू व्हिटवर्थच्या वळणाचीच लांब, जड शिशाची गोळी उडवत होत्या. मागून भरण्याने सोय झाली, वेळ वाचला. नेम गोळीचाच होता.

गोळी आणि पीळ यांचं नातं १८७९ साली वुलिचच्या जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने सूत्रात बसवलं. व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १५०ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. उत्तर येतं ते एका फेऱ्याला लागणारे इंच. ०.४५ इंच व्यासाची, त्याच्या तिप्पट लांबीची गोळी घेतली तर उत्तर २२.५ येतं. व्हिटवर्थ दोन दशकं आधी केवळ प्रयोगांतून २० वर पोचला होता. या सूत्रात बंदूक कुठेच नाही, आधी गोळी आहे. बिनधुराची दारू आल्यावर वेग वाढला आणि गोळी आणखी बारीक करता आली. स्वीडन-नॉर्वेचं ६.५ × ५५ हे काडतूस १८९४चं. हॉर्नडी कंपनीच्या डेव्ह एमरी यांनी नेमबाज डेनिस डिमिल यांच्याशी बोलून आखलेलं आणि २००७ साली बाजारात आलेलं ६.५ क्रीडमूर त्याच वाटेवरचं. त्याची १४० ग्रेनची स्पर्धेची गोळी सुमारे १.३७ इंच लांब असते. ग्रीनहिलचं सूत्र तिला साडेसात इंचांच्या आसपासचा पीळ सांगतं, आणि या रायफलींच्या नळ्यांवर सहसा आठ इंच लिहिलेलं असतं. त्याहून बोलकं म्हणजे तिची पितळी केस. ती .३०८ विंचेस्टरच्या २.०१५ इंचांऐवजी १.९२ इंचांची ठेवली. लांब गोळी दारूत खोल रुतून बसू नये आणि तरीही अख्खं काडतूस .३०८च्या मॅगझिनमध्ये मावावं, यासाठी. गोळीला जागा मिळावी म्हणून केस आखूड ठेवली.

मग स्वीडिश काडतूसच का वापरू नये, हा आक्षेप रास्त आहे. गोळीच्या दृष्टीने क्रीडमूरमध्ये नवं फारसं नाही, हे मान्य करायला हवं. फायदा आहे तो आखूड रायफलीचा आणि तयार मिळणाऱ्या एकसारख्या काडतुसांचा. नावाची जाहिरातबाजीही थोडीथोडकी नाही. दुसरा आक्षेप वेगाचा: दारू वाढवा, काम होईल. १९५०च्या दशकाअखेर आलेल्या .२६४ विंचेस्टर मॅग्नमने हेच केलं आणि नळ्या लवकर झिजवण्याबद्दल बदनाम झालं. शिवाय नळीतून मिळालेला जादा वेग जाडसर गोळी हवेत उधळून टाकते, आणि धक्का मात्र नेमबाजाच्या खांद्याला पुरता बसतो. उलट १४० ग्रेनची ६.५ गोळी .३०८च्या १७५ ग्रेनच्या गोळीपेक्षा हजार यार्डांवर वाऱ्याने निदान एक चतुर्थांश कमी सरकते, आणि धक्काही कमी देते. वारा ओळखणं हे नेमबाजाचंच काम, गोळी ते करत नाही. ती फक्त त्याची चूक लहान करते.

आपल्याकडे काडतुसाच्या रायफलीने होणारी नेमबाजी मुख्यतः पॉइंट टू-टूची, ५० मीटरवरची. तिथे गोळी निवडायला वाव कुठे, काडतूस तर कारखान्यातून बंद होऊन येतं? वाव आहे, फक्त निवड लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांची असते. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणून वरच्या पातळीवर रायफल शिकंज्यात घट्ट पकडून एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट तपासले जातात, आणि जो त्या नळीत सर्वांत दाट गट देतो तो खरेदी होतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं तो थ्री पोझिशनचा प्रकार याच ५० मीटरचा. ज्याला नवी रायफल घ्यायची आहे, त्याने दुकानात पहिला प्रश्न गोळीचा विचारावा आणि दुसरा नळीच्या पिळाचा. दस्त्याचा रंग नंतर पाहता येतो.