हुबळीत उगवलेला संगीतसूर्य : केशवराव भोसले

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे एक नवी मराठी नाटक मंडळी स्थापन झाली. तिचे नाव ‘ललितकलादर्श’. मंडळीचे मालक, प्रमुख नट आणि प्रमुख गायक एकच गृहस्थ होते. गृहस्थ तरी कसे म्हणावे? त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. कोल्हापूरचे केशवराव विठ्ठल भोसले ते हेच. पुढच्या तेरा-चौदा वर्षांत या तरुणाने महाराष्ट्राला असे वेड लावले की लोकांनी त्यांना ‘संगीतसूर्य’ म्हटले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यात हुबळीचा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत आटोपतो. आपण बेळगाव-निपाणी भागातल्या मंडळींनी त्या ओळीपाशी थोडे थांबायला हवे, कारण तीत आपलाही इतिहास आहे.

मराठी नाटक म्हटले की डोळ्यांपुढे पुणे-मुंबई उभी राहते. पण या झाडाची मुळे दक्षिणेकडे पसरलेली आहेत. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. त्याआधी कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगली दरबारी झाला होता. गाणे, नाच आणि सोंगे यांनी भरलेला तो खेळ पाहूनच, असे काही आपल्या भाषेत व्हावे ही कल्पना पुढे आली. योगायोग असा, की त्याच १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्यांनी बेळगावात नोकरी केली, नाटकाचा नाद जोपासला आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. ते स्वतः नाटक लिहीत, पदे रचत, चाली निवडत आणि रंगभूमीवर उभेही राहत. त्यांच्या पदांत हिंदुस्थानी रागांबरोबर कानडी चालीही सहज नांदत होत्या. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांचे शिक्षण बेळगावातच झाले, गुरूंचा सहवासही त्यांना तिथेच लाभला. या देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ हे नाटक दिले, आणि याच नाटकाने पुढे केशवरावांचे आयुष्य घडवले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. अगदी कोवळ्या वयात, शाळेची पाटी हातात धरायची त्या काळात, ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळच्या ‘कंपनीत पोर देणे’ या प्रकाराचा अर्थ आज आपल्या मुलांना समजावून सांगावा लागेल. कंपनी म्हणजे फिरते बिऱ्हाड. आचारी, पाणक्ये, पडदे रंगवणारे, पेटी-तबलेवाले, नट आणि पोरे असा सगळा संसार एका गावाहून दुसऱ्या गावी निघायचा. रात्री नाटक, सकाळी उशिरा उठणे, दुपारी तालीम. पोटाला अन्न आणि अंगाला कपडा कंपनीचा, आणि धाकही कंपनीचाच. गळा असलेल्या मुलाला पदे तोंडपाठ करायला लावत. चालणे, बसणे, पदर सावरणे, मान वेळावणे, लयीत पाऊल टाकणे हे सगळे त्याच्याकडून घोटून घेत. नट, नर्तक आणि गायक अशी तिन्ही कामे एकाच लहान देहाकडून करून घेतली जात.

स्त्रिया रंगभूमीवर नसल्यामुळे स्त्रीपार्ट मुलांनी करायचे, आणि म्हणून मुलाचा आवाज हेच त्याचे भांडवल. हे भांडवल फार बेभरवशाचे होते. पंधरा-सोळाव्या वर्षी आवाज फुटला की अनेकांची गाण्याची कारकीर्द तिथेच संपे. शिक्षण नाही, दुसरा धंदा येत नाही, मग ही पोरे कंपनीतच पडेल ते काम करत राहत. आपण ज्या वैभवाच्या गोष्टी कौतुकाने सांगतो, त्या वैभवाखाली अशी कितीतरी नाव नसलेली बालपणे गाडली गेली आहेत. केशवरावांचे मोठेपण सांगताना हेही सांगितले पाहिजे.

केशवरावांना नाव मिळाले ते शारदेच्या भूमिकेने. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न लावून पैसा करू पाहणारा कांचनभट आणि त्याच्या हातात सापडलेली शारदा ही कथा तेव्हाच्या प्रेक्षकाला परकी नव्हती. अनेकांच्या घरात, शेजारात अशी शारदा होती. तिचे दुःख एक लहान मुलगा चढ्या, स्वच्छ, धारदार आवाजात गाऊ लागला की थिएटर स्तब्ध होई. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा तो छातीच्या जोरावर. पद एकदा म्हणून भागत नसे. ‘वन्स मोअर’ आला की तेच पद नव्या आलापांनी, नव्या तानांनी पुन्हा रंगवावे लागे. म्हणजे छापील पुस्तकातले आठ-दहा ओळींचे पद नट रोज नव्याने घडवीत असे. लिहिणारा देवल, पण त्या रात्रीपुरता त्या पदाचा अर्धा कर्ता गाणाराच.

आता प्रश्न असा, की कोल्हापूरच्या या मुलाने आपली मंडळी हुबळीत का काढली? याचे सरळ उत्तर असे, की त्या काळी हुबळी मराठी नाटकाला परकी नव्हतीच. धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. पुण्याहून मिरज, बेळगाव, खानापूर, लोंढा असा लोहमार्ग झाल्यापासून नाटक कंपन्यांचा दौरा याच वाटेने चाले. आपल्या पिरनवाडीच्या जवळून जाणारी हीच ती वाट. हुबळीला कापसाची मोठी पेठ होती, रेल्वेचा कारखाना होता, हातात रोख पैसा असलेला नोकरदार आणि व्यापारी वर्ग होता. कानडी बोलणारा रसिक मराठी संगीत नाटकाला येऊन बसे आणि पद रंगले की मान डोलवी. कंपनीचा मुक्काम एका गावी कैक आठवडे पडे. त्यामुळे स्वदेशहितचिंतक मंडळी सोडल्यावर नवे बिऱ्हाड मांडायला हुबळीसारखे गाव निवडणे हे धाडसाचे असले तरी आंधळेपणाचे नव्हते.

सतरा वर्षांचा मुलगा मालक होतो म्हणजे काय होते? उद्यापासून त्याच्या गळ्यावर पन्नास-पाऊणशे माणसांचे जेवण अवलंबून राहते. त्याला ताप आला तर खेळ बंद, खेळ बंद तर भट्टी बंद. पावसाळ्यात उत्पन्न घटते, पण भाडे, पगार आणि सावकार थांबत नाहीत. केशवरावांनी हे ओझे उचलले आणि वर मंडळीला शिस्त व दर्जा दिला. संगीताची तालीम त्यांनी गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे घेतली. बुवा सावंतवाडीकडचे, म्हणजे आपल्या घाटाखालच्या शेजारचेच. रंगमंचाच्या दर्शनी भागी मखमली पडदा लावण्याचा मान मराठी रंगभूमीवर केशवरावांकडेच जातो. आज तो पडदा आपल्याला नाटकाचा अविभाज्य भाग वाटतो, तेव्हा ती चैन होती आणि तिच्यासाठी पैसे घालणारा मालक विशीतला होता.

जुन्या नाटकांवरच गल्ला भरत राहावा असेही त्यांना वाटले नाही. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी रंगमंचावर आणले. मामा वरेरकर हे टपाल खात्यात नोकरी करणारे, मालवणकडचे लेखक. त्यांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके ललितकलादर्शनेच गाजवली. एकात हुंड्याचा प्रश्न, दुसऱ्यात धर्मांतराचा. संगीत नाटक म्हणजे फक्त राजेराण्या आणि पुराणे, ही समजूत या तरुण मालकाच्या मंडळीने मोडली. गाण्यासाठी आलेला प्रेक्षक घरी जाताना हुंड्याचा विचार घेऊन जाई. समाजसुधारणेची व्याख्याने ज्यांनी कधी ऐकली नसती, त्यांच्यापर्यंत हे विचार पदांच्या वाटेने पोहोचले.

याच घडणीतला दुसरा तरुण म्हणजे गोमंतकाचे मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशी येथे झाला. किर्लोस्कर मंडळीत नाव कमावून १९१८ मध्ये त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली, तेव्हा त्यांचेही वय सतराच होते. दीनानाथांनाही वझेबुवांचे मार्गदर्शन लाभले, शिवाय त्यांनी नृत्याचेही शिक्षण घेतले. नट, नर्तक, गायक आणि चाली बांधणारा असा चौफेर कलावंत त्यांच्या रूपाने दिसला. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, तिसऱ्या बाजूला हुबळी. नकाशावर या तिन्ही ठिकाणांमध्ये बेळगाव आहे, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. आपण मुंबई-पुण्यापासून लांब होतो खरे, पण रंगभूमीच्या वाटेपासून लांब नव्हतो.

केशवरावांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी निवर्तले होते आणि त्यांच्या नावाने स्वराज्य फंड गोळा होत होता. या फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकात बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. नारायणराव राजहंसांचा गळा मधाचा, केशवरावांचा गळा तेजाचा. दोघांचे चाहते एरवी एकमेकांशी वाद घालत. त्या रात्री चढ्या दराची तिकिटे घेऊन ते एकाच छताखाली बसले. धंद्यातली स्पर्धा बाजूला ठेवून देशकार्यासाठी दोन मालकांनी एकत्र यावे, ही घटना पुढे आख्यायिका झाली.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. वय एकतीस. ज्या वयात आज आपली मुले नोकरीत स्थिर होतात, त्या वयात एक संपूर्ण कारकीर्द संपली होती. बालपण कंपनीला दिले आणि तारुण्य मंडळी चालवण्यात गेले. त्यांचा तो गळा ऐकलेली माणसेही आता उरलेली नाहीत.

पण हुबळीत लावलेले रोप वाळले नाही. बापूराव पेंढारकरांनी मंडळी सांभाळली, वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’सारखे नाटक गाजवले. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्शला नवे आयुष्य दिले. ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ ही त्यांची नाटके आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. २००८ साली या संस्थेच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. एका सतरा वर्षांच्या मुलाने काढलेली मंडळी शतक ओलांडते, ही गोष्ट मराठी संस्थांच्या इतिहासात थोडी नव्हे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले. निपाणी-बेळगाव भागातली कितीतरी कुटुंबे नाटकासाठी तिथे गेली असतील. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ती बातमी ऐकून कोल्हापूरकरांइतकीच हळहळ आपल्याकडेही वाटली. वास्तू पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले गेले, हे चांगलेच झाले.

विटा-लाकडे सरकारी निधीतून परत येतील. गाण्याची परंपरा मात्र अशी परत येत नाही, ती कोणीतरी तोंडाने म्हणावी लागते. सीमाप्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो आणि बोलायलाही हवे. पण आपली भाषा टिकते ती सभेइतकीच तालमीत. भागवतांच्या कानडी खेळावरून मराठी नाटक सुचले, आणि पुढे मराठी मंडळीला हुबळीच्या कानडी रसिकाने टाळी दिली. हा इतिहास मुलांना सांगितला तर त्यांना स्वतःच्या भाषेचा अभिमान वाटेल आणि शेजारच्या भाषेचा दुस्वास वाटणार नाही.

गणेशोत्सवाच्या रंगमंचावर आपली मुले नाचतात, गातात, नाटुकली करतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीने ‘शारदा’तले एक पद नीट शिकून म्हणावे, एखाद्या मुलाने धैर्यधराचा प्रवेश करावा, अशी विनंती या निमित्ताने मंडळाच्या कार्यकर्त्यांना करावीशी वाटते. आज त्यांना शाळा सोडून कंपनीत जायचे नाही. दुपारी शाळेचा अभ्यास करून संध्याकाळी तालमीला यायचे आहे. केशवरावांना ही सवड मिळाली नव्हती. आपल्या मुलांना ती आहे, आणि शिकवू शकणारी दोन-चार जुनी माणसेही अजून आपल्यात आहेत. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची आखणी करताना त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे.

गणपती बाप्पा मोरया!