राउटरच्या वाय-फाय सेटिंगचे एआय एजंटद्वारे व्यवस्थापन

राउटरवरील वाय-फायचे नाव, पासवर्ड, चॅनेल, सुरक्षेचा प्रकार, पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क इत्यादी गोष्टी बोलीभाषेतील सूचनेवरून एआय एजंटकडून तपासून किंवा बदलून घेण्याची पद्धत. एजंटमागचे भाषिक मॉडेल राउटरला थेट हात लावत नाही. कोणते साधन कोणत्या माहितीनिशी चालवायचे एवढेच ते ठरवते; राउटरला आज्ञा देते ते साधन. अशी साधने मॉडेलला जोडण्यासाठी अँथ्रोपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. राउटरच्या बाजूने या कामाला सर्वांत सोयीची प्रणाली म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरचा लिनक्सवर आधारलेला सोर्स कोड 2003 मध्ये खुला झाला, त्यातून पुढच्या वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. त्यात वाय-फायच्या सगळ्या सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, आणि मजकूर वाचणे-लिहिणे हेच तर भाषिक मॉडेलचे काम.

तरीही खरा प्रश्न एजंट किती हुशार आहे हा नाही. चुकीचा बदल मागे कोण घेणार, हा आहे. वाय-फायची गंमत अशी की ज्या वाटेने आज्ञा जाते तीच वाट ती आज्ञा बदलते. वाय-फायवरच्या लॅपटॉपमधून एजंटने पासवर्ड बदलला की लॅपटॉपचा संपर्क तुटतो, आणि एजंटचाही. चूक दुरुस्त करायला तो तिथे नसतोच. म्हणून माघारीची सोय राउटरमध्येच हवी. मोठ्या नेटवर्कच्या अभियंत्यांना हे केव्हाच कळले होते: जुनिपरच्या उपकरणांवर तात्पुरता लागू केलेला बदल, वेगळी मुदत दिली नसल्यास, 10 मिनिटांत कायम केला नाही तर आपोआप रद्द होतो. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये संपर्क तुटल्यास बदल मागे घेणारा सेफ मोड आहे, आणि ओपनडब्ल्यूआरटीतही मुदतीत पुष्टी न मिळाल्यास जुनी मांडणी परत आणण्याची सोय आहे. एजंटच्या साधनाने हाच मार्ग वापरला पाहिजे. फाइल थेट लिहून वाय-फाय पुन्हा सुरू करणारे साधन कितीही सुबक असले तरी धोक्याचे.

मुदत ठरवतानाही जाण हवी. 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील 52 ते 144 या चॅनेलवर रडारला अडथळा होऊ नये म्हणून राउटरला प्रक्षेपणाआधी साधारण 60 सेकंद नुसते ऐकावे लागते. मुदत याहून कमी ठेवली तर योग्य बदलही फसला असे समजून उलटवला जाईल. उलट काही चुका मुदतीच्या जाळ्यात सापडतच नाहीत. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए3 केली की लॅपटॉप पुन्हा जोडला जातो, एजंट समाधानाने पुष्टी देतो आणि जुना प्रिंटर मात्र कायमचा बाहेर राहतो. म्हणून पुष्टीआधी जोडलेल्या उपकरणांची आधीची आणि नंतरची यादी ताडून पाहणे आवश्यक.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रत्येक बदलाआधी माणसाची संमती घेतली की पुरे. संमती हवीच, पण तिच्यावर विसंबता येत नाही. दहादा 'हो' म्हटलेला माणूस अकरावी सूचना वाचत नाही. शिवाय संमती ज्या मजकुरावर घ्यायची तोच दूषित असू शकतो. वाय-फायच्या नावात 32 बाइट मावतात आणि शेजारी कुणीही वाटेल ते नाव प्रसारित करू शकतो. चॅनेल निवडण्यासाठी एजंट परिसरातील नेटवर्कची यादी वाचतो, तेव्हा त्या नावात लपवलेली एखादी सूचनाही त्याच्यापुढे येते. 32 बाइटमध्ये फार काही लिहिता येत नाही हे खरे, पण नावे अनेक असू शकतात. 'सूचना पाळू नकोस' असे मॉडेलला बजावणे हा त्यावर अपुरा उपाय आहे. अधिकारच तोडके ठेवणे हा पुरेसा. ओपनडब्ल्यूआरटीत वाचनाचे आणि लेखनाचे अधिकार वेगळे देता येतात. निदान करणाऱ्या एजंटला फक्त वाचन द्यावे. फायरवॉल, इंटरनेटवरून राउटर चालवण्याची सोय आणि प्रशासकाचा पासवर्ड कोणत्याच वाय-फाय साधनाच्या हाती असू नये. दुरून व्यवस्थापनाचे दार उघडे राहिल्याची किंमत माहीत आहे: नोव्हेंबर 2016 मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या कुळातील हल्ल्याने जर्मनीतील डॉइच टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी बंधने घातल्यावर एजंट हवाच कशाला? राउटरचे स्वयंचलित चॅनेल असतेच. नुसत्या चॅनेलसाठी एजंट नकोच, हे मान्य. पण 'मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो' या तक्रारीमागे क्षीण सिग्नल आहे, शेजारची गर्दी आहे की मुळात इंटरनेटच मंद आहे, हे नोंदी, सिग्नलची पातळी आणि उपकरणांची यादी एकत्र वाचून सांगणे स्वयंचलित चॅनेलला जमत नाही. एजंटचे मोल या निदानात आहे, आणि निदानाला लेखनाचा अधिकार लागत नाही. बदल करू देणारे साधन राउटरमधली माघार वापरत नसेल, तर ते घरच्या राउटरला जोडू नये.