अकरातले आठच का?

परवा कॅन्टीनमध्ये आमच्या गोवेकर मित्राचा पारा चढला होता. विषय अर्थातच पक्षांतराचा. २०२२ च्या निवडणुकीआधी गोव्यातल्या काँग्रेस उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्ग्यात जाऊन 'पक्ष सोडणार नाही' अशी शपथ घेतली होती. तिच्यावर विश्वास ठेवून याच्या आईने मत दिलं. आणि सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये! त्यात दिगंबर कामतही होते. गंमत म्हणजे हेच कामत २००५ मध्ये भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले होते आणि २००७ ते २०१२ मुख्यमंत्रीही होते.

"यांना लाज कशी वाटत नाही रे?" मित्र म्हणाला. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. आठच का?

थोडं मागे जाऊ. १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' रूढ झालं. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. पण एक तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी शाबूत, अशी पळवाट त्यात होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती बुजवली. दुसरी तशीच राहिली: दोन तृतीयांश आमदार असतील तर ते 'विलीनीकरण'. आता ११ चे दोन तृतीयांश काढा. ७.३३, म्हणजे आठ! २०१९ मध्येही गोव्यात काँग्रेसचे १५ पैकी १० गेले. बरोब्बर दोन तृतीयांश. एक बग काढला, दुसरा तसाच ठेवला.

एकट्याने जायचं तर? नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा आमदारकी सोडून मालवणची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. ज्या पक्षाला आयुष्यभर शिव्या घातल्या त्यात जाताना निदान लोकांना विचारलं तरी. विलीनीकरणात तेवढंही नाही.

आणि जातात का? विरोधी बाकावर मंत्रिपद नाही, निधीसाठी हात पसरायचे. आपणही आमदाराला "काम काय केलं?" एवढंच विचारतो. "काल काय बोलला होतात?" हे कोण विचारतं? मग जुनी टीका महाग पडणार कशी?

त्यामुळे लाजेची वाट बघण्यात अर्थ नाही. आठ असोत की ऐंशी, पक्ष बदलला की राजीनामा आणि पोटनिवडणूक, एवढा एकच नियम पुरे. लोक कदाचित पुन्हा त्यांनाच निवडून देतील. देऊ देत. पण मित्राच्या आईला पुन्हा एकदा विचारलं तर जाईल!

बघा, पटतंय का.