बेगूरचे वीरगळ

गावासाठी वा धन्यासाठी धारातीर्थी पडलेल्या पुरुषाची शिळा उभारण्याची जी चाल महाराष्ट्रात शिवेशिवेवर आढळते, तिचे कूळ शोधू जाता कर्नाटकाचा उंबरठा ओलांडावाच लागतो. आणि खुद्द बेंगळूर शहराच्या पोटातच त्या कुळाच्या फार जुन्या पिढ्या उभ्या आहेत. हेब्बाळची शिळा गंगराजा श्रीपुरुषाच्या अमदानीतील, सुमारे इ. स. 750 ची: रट्टवाडीकडील धाड आली, गाव लुटले जाऊ लागले, आणि त्या झुंजीत किट्टय्या इंद्रलोकी गेला. हकिकत एवढीच.

कस्तुरबा रस्त्यावरील सरकारी वस्तुसंग्रहालयात असलेला बेगूरचा विस्तीर्ण वीरगळ मात्र सविस्तर बोलतो. राजा एरेयप्पाच्या हुकुमाने अय्यपदेवाच्या साहाय्यास गेलेला नागत्तर तुंबेपाडी येथे वीरमहेंद्राच्या फौजेशी भिडला व हत्तींशी झुंजत पडला. तेव्हा राजाने इरुगाला नागत्तराचा पट्ट बांधून बेंपूर-बारा, म्हणजे आजचे बेगूर धरून बारा गावे, बहाल केली, आणि त्या गावांची नावेही त्याच दगडावर कोरविली. माझ्या मते या चालीचे मर्म येथेच आहे. वीरगळ हे केवळ स्मारक नव्हे. रक्ताच्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनीची ती सनद आहे, आणि ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्याने पुढील कारभाऱ्यास नाकबूल करणे सोपे नव्हते.

याउलट मुक्या राहिलेल्या एका शिळेकडे पाहा. नवव्या शतकात पश्चिमेकडील समुद्रावर नॉर्स चाचे स्कॉटलंडचे किनारे लुटीत होते आणि 877 साली तेथील राजा कॉन्स्टंटाइन त्यांच्याशी लढताना मारला गेला. तेथील फॉरेस गावचा साडेसहा मीटर उंच शिलास्तंभ घोडेस्वारांनी, पायदळाने व शिरच्छेद झालेल्या धडांनी दाटून भरलेला आहे. राजा माल्कमने स्वेनोच्या चाच्यांवर मिळविलेला विजय तो हाच, अशी लोकसमजूत दीर्घकाळ चालत आली, पण त्यावर लढाईविषयी एक अक्षरही नाही, त्यामुळे मेले कोण आणि कोणासाठी, हे तो दगड सांगू शकत नाही.

बेगूरच्या नागेश्वर देवालयातील इ. स. 890 च्या सुमाराची दुसरी शिळा ते सांगते: नागत्तराच्या घरचा माणूस पेर्वोणशेट्टी 'बेंगळूरच्या लढाईत' मेला. केंपेगौडाने 1537 साली किल्ला बांधण्यापूर्वी साडेसहाशे वर्षे, या शहराचे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित नाव एका चाकराच्या मृत्यूपायी कोरले गेले. अशा शिळांच्या त्रिमित प्रतिमा घेण्याचे काम मिथिक सोसायटीने हाती घेतले आहे. शहर जितक्या वेगाने खणले जात आहे तितक्याच वेगाने ते तडीस जावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.