मुरब्याला कधी जावे? पंचांग, भरती आणि किनाऱ्याच्या सणांचा इतिहास

थ्रेड. किनाऱ्यावरची सहल आखताना आपण प्रथम सुट्ट्या पाहतो, मग हॉटेल, आणि शेवटी कधीतरी तिथे काय चालू असेल हे शोधतो. पालघर-बोईसर पट्ट्यातील मुरबे, सातपाटी, नांदगाव, तारापूर, चिंचणी या गावांकडे जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. येथील सण आणि खेळ रविवार पाहून ठरलेले नाहीत. ते वारा, चंद्र आणि मासळी यांनी ठरवले आहेत. हे वेळापत्रक कसे घडले आणि आता कोठे उसवू लागले आहे, ते पाहू.

आरंभ नारळी पौर्णिमेपासून करणे क्रमप्राप्त आहे. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे पश्चिम किनारा शिडाच्या जहाजांना जवळजवळ बंद असे. मच्छीमारांच्या होड्या वर ओढून शाकारल्या जात. व्यापारी गलबतेही खाड्यांत थांबत. श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हा बंद हंगाम संपे. म्हणजे हा सण केवळ कोळी-मांगेला समाजाचा नव्हता, दर्यावर्दी व्यापाऱ्यांचाही होता. मुंबईतील इंग्रजांनी त्याला ‘कोकोनट डे’ असे सुटसुटीत नाव दिले, कारण त्यांच्याही व्यापाराचे वेळापत्रक याच दिवसाशी बांधलेले होते.

येथे थोडे दूर, थेट मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ. इ. स. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पेनची गलबते मनिला आणि अकापुल्को यांच्यात ये-जा करीत. मनिलाहून निघायचे ते साधारण जून-जुलैमध्ये, नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन. पॅसिफिक ओलांडून अकापुल्कोला पोहोचेपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडे. गलबत आले की अकापुल्कोची प्रसिद्ध जत्रा भरे. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले घेण्यासाठी मेक्सिको सिटीपासून व्यापारी खाली उतरत. विचार करा, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या जत्रेची तारीख आशियातील मोसमी वारा ठरवीत होता! मुरब्याच्या होड्या ज्या वाऱ्यामुळे किनाऱ्याला लागत, त्याच मोसमी व्यवस्थेवर ती गलबते निघत.

आणि हा संबंध केवळ वाऱ्यापुरता नाही. जुलै १५९६ मध्ये मनिलाहून निघालेले ‘सान फेलिपे’ हे गलबत वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर आदळले. त्यात मेक्सिको सिटीत जन्मलेला फेलिपे दे हेसूस हा तरुण फ्रान्सिस्कन होता. धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठी तो मायदेशी निघाला होता. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. त्याच सव्वीस जणांत होते आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. आधी व्यापारी, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू, आणि जपानी भाषा जाणत असल्याने मिशनचे दुभाषी. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या साऱ्यांना एकत्रच संतपद दिले.

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलिमा राज्यात हाच फेलिपे भूकंपापासून रक्षण करणारा संत मानला जातो. त्याच्या नावाने तेथे फेब्रुवारीत मोठा उत्सव भरतो. शेजारच्या व्हिया दे आल्वारेसमध्ये लाकूड, दोर आणि चटयांचे एक प्रचंड गोल रिंगण दरवर्षी नव्याने उभारतात, त्यात बैलांचे खेळ होतात आणि उत्सव संपला की ते सोडून ठेवतात. त्या भागात माडाची ‘तुबा’ पितात. माड चढून ताजा रस काढण्याची ही कला फिलिपिनो खलाशांनी मनिलाच्या गलबतांतून तेथे नेली. तुबा म्हणजे सरळ आपली माडी! (कोलिमाला जाणाऱ्या पालघरकराला फार परके वाटणार नाही, असे मला उगाच वाटते.)

आता परत मुरब्याला. पौर्णिमेला किनाऱ्यावर किती वाजता जायचे? याचे उत्तर मोबाइलशिवाय काढता येते. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी भरती आली की रात्रीही त्याच सुमारास येते, आणि ओहोटी या दोहोंच्या मध्ये, सुमारे सहा तासांनी. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. पालघरकडे थोडा उशीर धरावा.

हिशेब पुढे न्या. पौर्णिमेला उधाण असते. भरती सर्वांत वर चढते, तशी ओहोटीही सर्वांत खाली जाते. उत्तरेकडे खंबातच्या आखाताच्या दिशेने जावे तसा हा फरक वाढतच जातो. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दुपारी पाणी गावाच्या कडेला, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास वाळू सर्वांत रुंद, घट्ट आणि ओलसर. मिरवणूक, नाच, खेळ यांना याहून चांगले मैदान कोणते? नारळी पौर्णिमा आणि होळी हे किनाऱ्याचे दोन्ही मोठे सण पौर्णिमेचेच आहेत. सणाची तिथी ओहोटी पाहून ठरली असे मी म्हणणार नाही. पण संध्याकाळची मिरवणूक आणि संध्याकाळची रुंद वाळू यांची गाठ लोकांच्या ध्यानात आली नसेल, हे मला पटत नाही. रायगडात अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यांवर बैलगाड्यांच्या शर्यती भरतात त्याही ओहोटी पाहूनच. (या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला.) नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून लढवण्याचा खेळ मालवणात पाहावा, तेथे त्याच्या मोठ्या स्पर्धा होतात.

होळीचे महत्त्व आपल्याकडे कमी सांगितले जाते. मच्छीमार गावांत शिमग्यासाठी समुद्रातल्या होड्या परत येतात, सजतात, पुजल्या जातात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्याकडे पाहत असते, होळीला गावाकडे. गाव भरलेले पाहायचे असेल तर माझे मत होळीला. त्यानंतर महिन्याने, चैत्र पौर्णिमेला, डहाणूजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि सुमारे पंधरा दिवस चालते. गडाच्या शिखरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्यांकडे आहे आणि ध्वजाची परंपरा जव्हारच्या मुकणे राजघराण्याशी जोडलेली आहे. डोंगरातले आदिवासी आणि किनाऱ्यावरचे लोक एकत्र दिसतात अशी ही जागा आहे. धावण्याची आवड असणाऱ्यांसाठी डिसेंबरातील वसई-विरार मॅरेथॉन आहे. ती २०११ पासूनची, म्हणजे या यादीत तिला तान्हे बाळच म्हणावे लागेल.

एक दिवस मात्र सहलीसाठी निवडू नये, किंवा निवडलाच तर समजून निवडावा. १४ ऑगस्ट. १९४२ साली याच दिवशी पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावण्यास निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी. गावांची नावे पुन्हा वाचा: हा मोर्चा किनाऱ्यावरून चालत आला होता. पालघर शहर दरवर्षी या दिवशी बंद पाळते आणि लोक हुतात्मा स्तंभाशी जमतात. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी काढणाऱ्यांनी दुकाने बंद म्हणून कुरकुर करण्याऐवजी स्तंभापर्यंत चालत जावे.

आता वेळापत्रक उसवले कोठे, ते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांसाठी पावसाळी मासेमारीबंदी पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. सरकारी आदेशात तिथी लिहिलेली होती, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोलाची वाटावी. पुढे पश्चिम किनाऱ्यावर एकसारखेपणा आणताना बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ठरली. ६१ दिवस, पक्की तारीख, पंचांग बाहेर.

परिणाम पाहा. नारळी पौर्णिमा २०२२ साली ११ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला, २०२४ साली १९ ऑगस्टला. म्हणजे २०२३ मध्ये समुद्र शांत व्हावा म्हणून नारळ अर्पण झाला, तोवर होड्यांना समुद्रात जाण्याची मुभा मिळून महिना उलटला होता. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. ऑगस्टच्या आरंभी समुद्र खवळलेला असतो आणि पापलेटची पिल्ले अजून वाढायची असतात. सातपाटी परिसरातील मच्छीमार संस्था बंदीचा काळ पुढे वाढवावा अशी मागणी करीत आल्या आहेत, ती यासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. पिल्ले जाळ्यात येणे त्याने थांबत नाही.

त्यात बंदरांची भर पडली आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुरब्यालाही खासगी बंदर प्रस्तावित आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. या थ्रेडमध्ये वर्णिलेली रुंद वाळू आणि खाडीचे मुख यांवरच तो वाद आहे.

तर जाणाऱ्यांसाठी: पालघर किंवा बोईसर स्थानकावर उतरा, दिनदर्शिकेत तारखेआधी तिथी पाहा, तिची पाऊणपट करा, त्यात सहा तास मिळवा आणि त्या सुमारास किनाऱ्यावर असा. मिरवणूक असेल तर मागे चाला. होडीवर चढण्याआधी विचारा, आणि पूजा झालेल्या होडीवर चपला घालून कधीच चढू नका.